यमुनाकडे जमा असलेला पाय

माझे दोन्ही पाय जागेवर आहेत. हे आधीच सांगून टाकतो, कारण माझी हकिगत ज्याच्या कानावर गेली तो पहिल्यांदा माझ्या पँटीकडेच बघतो. मी एसटीत कंडक्टर होतो. गडचिरोली, मूल, चंद्रपूर आणि परत, यातच जिंदगी गेली. बोलायची सवय तिथलीच आहे, तेव्हा थोडं जास्त बोललो तर सांभाळून घ्या.

माझा आजार असा आहे. डाव्या गुडघ्याच्या चार बोटं खाली एक रेघ आहे. ती कोणाला दिसत नाही, पण मी डोळे मिटून तिच्यावर बोट ठेवू शकतो. रेघेच्या वर मी आहे. रेघेच्या खाली जो पाय आहे, तो माझा नाही.

दुखत नाही, लुळा नाही, सुजलेला नाही. चालत्या गाडीत माझा तोल सांभाळतो, धावतो, काटा रुतला तर कळतो. पण माझा नाही. कोणीतरी माझ्या घरात येऊन बसावं आणि वर्षानुवर्षं उठूच नये, तसा तो आहे.

हसू आलं असेल तर हसून घ्या. मी बरीच वर्षं रागावून पाहिलं, काही उपयोग झाला नाही. पण हसून झालं की पुढे वाचा. आपल्या जिल्ह्यात, एखाद्या गावात, एखादा माणूस असेल ज्याला वाटत असेल की अख्ख्या दुनियेत आपण एकटेच असे. मी त्याच्यासाठी लिहितो आहे.

लंगडी

आम्ही ढिवर. घर वैनगंगेच्या काठावर, बाप नदीत आणि तलावात मासे धरायचा. लहानपणी पोरांमध्ये मला कोणत्याच खेळात मान नव्हता, एक लंगडी सोडून. डावा पाय मागे दुमडला आणि एका पायावर उडी मारत निघालो की मी कोणाला ऐकत नसे. सगळी पोरं बाद व्हायची, खेळ संपायचा, तरी मी पाय खाली टेकवायचो नाही. तसाच लंगडी घालत घरी यायचो. आई म्हणायची, "अरे बाप्पा, टेकव ना आता, कोन पाहून राह्यलं तुले?"

कोणी पाहावं म्हणून नव्हतंच ते. तो पाय मागे दुमडला की मी पुरा व्हायचो. टेकवला की पुन्हा काहीतरी जास्तीचं लटकायचं. हे शब्द आज सुचतात, तेव्हा फक्त खेळ संपू नये असं वाटायचं.

पाण्यातही बरं वाटायचं. बापाबरोबर कमरेइतक्या गढूळ पाण्यात उभा असलो की खाली काय आहे ते दिसत नसे. मी पोटासाठी एसटीत गेलो आणि ते पाणीही सुटलं.

नोकरी लागली आणि खरा छळ सुरू झाला. आमच्या गाडीत अपंगांसाठी सीट राखीव असते. कुबडी घेतलेला माणूस चढला की मी घंटी मारायचं विसरायचो. लोक त्याला बघून च्यक् च्यक् करायचे, बाजूला सरकायचे. आणि मी, दोन पायांचा धडधाकट माणूस, त्याचा हेवा करत उभा असायचो. अशी लाज कोणाला सांगणार? देवालाही सांगायची चोरी. त्यानं दिलं आणि मला ते नको, असं कोणत्या तोंडानं म्हणायचं?

साखर

लग्न झालं. बायकोचं नाव यमुना, वैनगंगेपलीकडच्या गावची, मासे विकणाऱ्या घरातली. आवाज बाजारातला आणि नजर त्याहून तेज. मी आंघोळ करताना डाव्या पायाला कधी हात लावत नाही, वरून पाणी ओततो आणि उजव्या पायानं घासतो, हे घरात आईबापांना इतक्या वर्षांत दिसलं नव्हतं. तिला पहिल्याच महिन्यात दिसलं. तरी ती बोलली नाही. आमची शालू झाली, रांगायला लागली, आणि एकदा ती माझ्या त्या पायाला धरून उभी राहायला लागली तर मी पाय झटकन मागे ओढला. पोर पडली. तेव्हा यमुनानं मला धरलं.

"का जी, त्या पायाले कोनाचा हात काऊन लागू देत नाई?"

तोंडातून निघून गेलं, "तो माया नाई."

जन्मात पहिल्यांदा मी ते मोठ्यानं बोललो होतो. मला वाटलं, ती हसेल नाहीतर चिडेल. तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं हळूच विचारलं, "बधिर झाला?"

आमच्या भागात हा पाय माझा वाटत नाही असं कोणी म्हटलं तर त्याचा एकच अर्थ होतो. चामडी बधिर, मग चट्टा, मग बोटं. महारोग. गावोगावी तपासणीवाले फिरत, शाळेत पोरांच्या पाठी बघत, आम्ही सगळे त्याच भीतीत वाढलेलो. तिनं दुसरं काय समजावं? एक गोष्ट मात्र मी मरेपर्यंत विसरणार नाही. माझं ताट, माझा गिलास, माझं अंथरूण, तिनं काही वेगळं केलं नाही. शालूलाही माझ्याजवळच निजवलं.

दुसऱ्या दिवशी कोणाला न सांगता ती मला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. तपासणीसानं डोळे मिटायला सांगितले आणि कापसाचं टोक पायावर फिरवलं. "कुठी लागलं, बोट ठेवून सांगा." मी सांगत गेलो. पोटरी, घोटा, टाच, करंगळी. एकही जागा चुकली नाही. बोट ठेवताना मात्र मला शिसारी येत होती, ते त्याला कसं दिसणार?

"भाऊ, तुमचा पाय मायापेक्षा चांगला आहे," तो म्हणाला. "घरी जा आरामात."

यमुना बाहेर येऊन पायरीवरच बसली आणि पदरात तोंड घालून रडली. संध्याकाळी तिनं मोहल्ल्यात साखर वाटली. कशाची ते कोणालाच सांगितलं नाही. बायांना वाटलं, शालूला भाऊ येतो आहे. सगळ्या घरभर आनंद आणि मी ओसरीवर त्या चांगल्या पायाकडे बघत बसलेलो. महारोग निघाला असता तर निदान नाव तरी मिळालं असतं, गोळ्या तरी मिळाल्या असत्या. असा विचार मी केला. ज्यांच्या घरात तो रोग होता त्यांची माफी मागतो, पण त्या संध्याकाळी मी खरंच असा विचार केला.

जमा

त्यानंतरची दोन-तीन वर्षं वाईट गेली. झोप गेली, भूक गेली. डेपोत लोक म्हणत, याला टेबलावरची हलकी ड्युटी पाहिजे म्हणून नाटक करतो आहे. कोणी म्हणे करणी झाली. डोक्यात दिवसभर एकच. हा पाय गेला पाहिजे.

पावसाळ्यातल्या एका दुपारी मी घरात एकटा होतो. शालू अंगणवाडीत, यमुना बाजारात. मी काय करायला बसलो होतो ते इथे लिहिणार नाही. वाचणारा माझ्यासारखा असेल तर त्याला मला ती वाट दाखवायची नाही. इतकंच सांगतो की पावसानं बाजार उठला आणि यमुना टोपली घेऊन लवकर परत आली. तिनं पाहिलं. ती किंचाळली नाही. टोपली खाली टाकली आणि माझ्या पायावरच येऊन बसली, अख्खं वजन टाकून.

मग मी सगळं सांगितलं. लंगडी, कुबडीवाले, रेघ, सगळं. बाहेर पाऊस कोसळत होता आणि ती उठायला तयार नव्हती.

"म्हंजे महारोग नाई. दुखत बी नाई."

"नाई."

"पन तुमचा नाई."

"नाई."

"मंग कोनाचा?"

"मले का मालूम?"

तिच्या हाताला माशांचे खवले चिकटले होते, ते ती एकेक काढत होती. मग म्हणाली, "तुमच्या गाडीत कोनाचं गाठोडं राह्यलं तं तुमी का करता?"

मी चिडलो. "हे का मधातच?"

"सांगा ना."

"डेपोत जमा करतो."

"फेकून नाई देत?"

"फेकून कसं देईन? दुसऱ्याचा माल आहे. जबाबदारी राह्यते कंडक्टरची."

"अन् मालक आलाच नाई तं?"

"तरी आपल्याले हात नाई लावता येत."

"मंग झालं तं!" ती म्हणाली. "हा पाय मायाकडं जमा करा. मालक येईन तवा येईन. तवरीक हा माया. अन् याद ठेवजा, दुसऱ्याच्या मालाले काई केलं तं मी सोडनार नाई. बाईमानसाच्या पायाले हात लावता, लाज नाई वाटत?"

मी रडता रडता हसलो. कितीतरी दिवसांनी हसलो. ती हसली नाही. ती अगदी खरं बोलत होती.

त्या दिवसापासून तिनं तो पाय सांभाळायला घेतला. संध्याकाळी जवसाचं तेल कोमट करून त्याला लावायची. मी तोंड फिरवलं की म्हणायची, "मी माया पायाले तेल लावून राह्यली, तुमाले का करायचं आहे?" थंडीत त्याच्यावर वेगळी गोधडी. मला काटा लागला की मलाच झापायची, "माया पायाले घेऊन कुठी फिरता जी? खाली पाहून चालता नाई येत?" शालू मोठी होत होती. माझ्या मांडीवर यायला धावली की आई ओरडायची, "हळू वो, माया पायाले लागन!" पोरीला ते नवल वाटलं नाही. कोणाच्या घरात आईची पेटी असते, आमच्या घरात आईचा पाय होता.

हाडांचा विभाग पलीकडे

जमा केल्यानं आजार गेला नाही. हे स्पष्ट सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, बायकोनं एक युक्ती केली आणि झालं. त्याच महिन्यात यमुना मला नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली. "काय होतंय?" असं खिडकीवरच्या माणसानं विचारलं. मी म्हणालो, "पाय." "हाडांचा विभाग पलीकडे." तिकडे गेलो तर त्यांनी पाय ठोकून, वाकवून, फोटो काढून परत पाठवलं. असे दोन-तीन हेलपाटे झाल्यावर यमुनानं खिडकीत तोंड घालून सांगितलं, "पाय चांगला आहे, पायाचा मालक बिमार आहे." तेव्हा योग्य दार सापडलं.

मला भरती करून घेतलं. वॉर्डात सकाळी गोळ्यांची रांग लागायची. गोळी गिळली की जीभ बाहेर काढून दाखवायची. मला लहान मुलासारखं वाटायचं. जवळच्या खाटेवरचा एक माणूस दिवसभर कोणाशी तरी बोलायचा, पण जेवणाच्या वेळी आपल्यातली अर्धी पोळी न चुकता माझ्या ताटात टाकायचा. यमुना बाहेर नातेवाइकांच्या शेडमध्ये तीन दगडांच्या चुलीवर भात शिजवायची. रात्री झोप येऊ लागली. त्या झोपेचे उपकार मी मानतो.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. मी विचारलं, "मॅडम, मी पागल आहे का?"

"नाही," त्या म्हणाल्या. "हा पाय तुमच्याच शरीराचा आहे हे तुम्हाला नीट कळतं. फक्त तसं वाटत नाही. हे तुम्ही ठरवून करत नाही आणि यात तुमचा काही दोष नाही. तुमच्यासारखी माणसं जगात आहेत. थोडी आहेत, आणि बरीचशी गप्प आहेत."

त्यावर माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. आहेत, म्हणजे मी एकटा नाही. बाईंनी खोटी आशा लावली नाही. उदासीवर औषध आहे, झोपेवर आहे, परकेपणावर अजून नाही म्हणाल्या. ते कदाचित राहील, पण त्याच्यापायी जीव टांगणीला लागणं कमी होईल. आणि ती ओढ पुन्हा वाढली तर एकटं बसायचं नाही, लगेच यायचं. पाय जमा केल्याचं यमुनानं सांगितलं तेव्हा त्या हसल्या नाहीत. "चालू ठेवा," म्हणाल्या.

डावा की उजवा

दवाखान्यातून आलो तोवर गावात सगळं पसरलं होतं. त्या साली दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे आमच्या जत्रेत, दुपारी दंडारीचं नाटक उभं राहिलं तर त्यात एक सोंग निघालं. खाकी कपडे घातलेला कंडक्टर, हातात पाय धरून ओरडतो आहे, "घ्या हो घ्या, पाय घ्या!" सगळी मंडई लोटपोट. मी उठायला लागलो तर यमुनानं मनगट धरून खाली बसवलं. मग स्वतः उभी राहिली आणि बाजारातल्या आवाजात म्हणाली, "बापू, डावा पाय आहे! तू उजवा धरून राह्यला. सोंग करतेच तं बरोबर कर!" तो बिचारा थिजला. लोक पुन्हा हसले, पण या वेळी त्याला हसले.

आम्हाला समजून घेण्यात लोकांचं नेमकं असंच होतं. पाय कोणता तेही विचारत नाहीत.

पुढे काही वर्षांनी गाडीत एक गुरुजी पेपर मोठ्यानं वाचत होते. जगावेगळी माणसं असं काही सदर होतं. परदेशात म्हणे काही लोकांना आपलाच पाय नकोसा होतो. बाजूला चित्र, एक माणूस पाय ताटात ठेवून देतो आहे असं. "खायले भेटून राह्यलं ना भरपूर, म्हनून हे चोचले," मागून कोणी बोललं. राखीव सीटवर डोमाभाऊ बसले होते. घुग्घुसकडच्या कोळशाच्या खाणीत अपघातात त्यांचा पाय गेलेला, आमच्या गाडीचे नेहमीचे. ते म्हणाले, "मले देऊन टाक म्हना, माप जमते का पाहतो!" अख्खी गाडी हसली. मीही हसलो आणि मूलच्या माणसाला चंद्रपूरचं तिकीट फाडून दिलं.

मूलला गाडी थांबली तेव्हा मी चहा घेऊन डोमाभाऊंकडे गेलो आणि सांगितलं. का सांगितलं, माहीत नाही. बहुतेक इतक्या वर्षांचा तो हेवा मला पुरे झाला होता. त्यांनी चहाचा गिलास खाली ठेवला. "माया पाय गेला तवा मायी माय सहा महिने जेवली नाई धड," म्हणाले, "अन् तुमी..." त्यानंतर कितीतरी दिवस ते माझ्या गाडीत चढले की खिडकीबाहेर बघत. त्यांचा राग खराच होता.

मग एका सकाळी त्यांनी स्वतःच हाक मारली. "कंडक्टरभाऊ, एक सांगू का? जो पाय नाई ना मायाजवळ, त्याचीच बोटं खाजवून राह्यली आज. खाजवाले गेलो तं हातात हवा येते. कोनाले सांगितलं तं हासते."

"मी नाई हासत," मी म्हणालो.

"मालूम आहे. म्हनून तं सांगितलं." मग म्हणाले, "मायाजवळ नसलेला आहे, तुमच्याजवळ असलेला नाई. देवाच्या घरी बी सामानाची अदलाबदल होते वाट्टे."

त्या दिवसानंतर मी कुबडीवाल्या माणसाचा हेवा केला नाही. ओढ गेली नाही, हेवा गेला.

यमुना

तिला मेंदूचा मलेरिया झाला. सकाळी ताप, दुसऱ्या दिवशी भान हरपलं. गडचिरोलीच्या दवाखान्यात तिच्या खाटेजवळ मी बसलो होतो. मध्येच डोळे उघडून म्हणाली, "माया पायाले थंडी वाजून राह्यली." मी तिच्या पायांवर चादर ओढली. ती मान हलवत राहिली. दुसरी चादर घातली, तरी मान हलवत राहिली. मग तिची नजर खाली गेली, खाटेशेजारी फरशीवर टेकलेल्या माझ्या डाव्या पावलाकडे. मी त्याच्यावर टॉवेल टाकला. तेव्हा तिनं डोळे मिटले. त्यानंतर तिनं काही बोलल्याचं मला आठवत नाही.

ती गेली. आणि तो पाय पुन्हा बेवारस झाला. तेल बंद, गोधडी बंद. घर रिकामं झालं आणि ती जुनी ओढ त्या रिकाम्या घरात येऊन बसली. एका दुपारी मला माझीच भीती वाटली. मी उठलो, शेजारी सांगितलं, आणि नागपूरची गाडी धरली. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या पुन्हा सुरू केल्या. वाचणाऱ्याला माझं एवढंच मागणं आहे. भीती वाटली की आधी गाडी धरा, लाजायचं नंतर बघू.

गोळ्यांनी दिवस ढकलले. पण पाय कोणाकडे जमा आहे, या प्रश्नावर गोळी नव्हती.

शालूचं लग्न ठरलं. मांडव घातला, पाहुणे आले, दुपारी लग्न लागलं. उन्हं कलली तशी पाठवणीची वेळ झाली. पोरगी सगळ्यांच्या पाया पडत माझ्यापर्यंत आली. पाया पडायला कोणी वाकलं की डावा पाय मागे घ्यायचा, ही माझी आयुष्यभराची सवय. दसऱ्याला सोनं द्यायला येणाऱ्या पोरांनाही उजव्याच पायावर भागवलं. तसा मी पाय मागे घेतला.

शालू वाकलेली होती, तशीच थांबली. "बाबा, तो पाय इकडं आना."

मी आणला. काय करणार?

तिनं उजव्या पायावर डोकं ठेवलं. "हे तुमाले." मग डाव्यावर ठेवलं आणि लवकर उचललंच नाही. तिचं कपाळ गरम होतं आणि डोळे गळत होते, ते मला कापसाच्या टोकासारखं लख्ख कळत होतं. "अन् हे आईले," ती म्हणाली. उठताना माझ्याकडे न बघता तिनं पायाकडेच बघून सांगितलं, "नीट सांभाळजा, बाबा. मी आली का पाहीन. आईची वस्तू आहे."

गाडी गेली. पाहुणे पांगले. मांडवात मी खुर्चीवर एकटा राहिलो. मग उठून घरात गेलो, फळीवरची जवसाच्या तेलाची बाटली काढली. तेल थोडं कोमट केलं, ती करायची तेवढंच. परत मांडवातल्या खुर्चीवर बसून पँट गुडघ्यापर्यंत वर दुमडली.

आमच्या गावात बायकोच्या पायाला हात लावणारा नवरा कोणी पाहिला नसेल. मी तिथे उघड्या मांडवात बसलो आणि यमुनाच्या पायाला तेल लावलं.